येत्या आठवड्यात

भिलाईच्या नेहरू नगरातील एका घरी, समोरच्या खोलीतील लाकडी कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात जुन्या रोजनिशांची एक चळत आहे. नववर्षाला कुठून कुठून भेट म्हणून येणाऱ्या, जाड पुठ्ठ्याच्या, पाठीवर सोनेरी साल छापलेल्या या रोजनिशा. पहिलीवर 1982 आहे, शेवटचीवर 2017. मधली काही साले नाहीत, तर काही सालांच्या वहीत दोन-दोन वर्षे दाटीवाटीने बसविलेली आहेत. रोजनिशा म्हणायच्या, परंतु झालेल्या दिवसाची हकीकत त्यांत एकाही पानावर नाही. त्यांत केवळ व्हायच्या दिवसांची नोंद आहे. सोमवार ते रविवार, येत्या आठवड्यात दूरदर्शनवर काय काय दाखविले जाणार आहे, एवढेच छत्तीस वर्षे त्यांत निळ्या शाईने लिहिले गेले. लिहिणाऱ्या बाईंना घरात सारे माई म्हणत. त्या गेल्यावर कपाट आवरण्याच्या निमित्ताने त्यांच्या यजमानांनी, नानांनी, या वह्या पहिल्यांदा उघडल्या. पत्नीचा हा छंद त्यांना ठाऊक होता. त्यात वाचण्यासारखे काही असेल असे त्यांना कधी वाटले नव्हते.

वाटू नये हेही साहजिकच. आगामी कार्यक्रमांची यादी हा मजकुराचा असा प्रकार आहे की तो शिळा होण्यासाठीच जन्माला येतो. सोमवारी त्याचा एक सप्तमांश मरतो, मंगळवारी दुसरा, आणि पुढल्या सोमवारी त्या कागदात वाणी शेंगदाणे बांधून देतो. वाङ्मयाच्या कोणत्याही वर्गीकरणात त्याला स्थान नाही. तरीही एका पिढीने हा मजकूर ज्या एकाग्रतेने ऐकला आणि टिपून घेतला, तशी एकाग्रता फार थोड्या ग्रंथांच्या वाट्याला आली असेल. मुंबई दूरदर्शन केंद्रावरील ‘साप्ताहिकी’ अनेक मराठी कुटुंबांच्या स्मरणात असेल. पुढच्या आठवड्यातील कार्यक्रमांची ओळख करून देणे एवढेच त्या कार्यक्रमाचे प्रयोजन. म्हणजे कार्यक्रमांविषयीचा कार्यक्रम. घरातील कुणीतरी कागद-पेन्सिल घेऊन बसलेले असे. निवेदिकेच्या वाक्यरचनेत एक ‘आपण’ असे: येत्या गुरुवारी आपण पाहणार आहात. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद आहे, आणि तो फार सूक्ष्म आहे. ‘आम्ही’ म्हणणारा ऐकणाऱ्याला बाहेर ठेवतो, ‘आपण’ म्हणणारा त्याला आत घेतो. तोच ‘आपण’ आदरार्थी होऊन समोरच्याला उद्देशूनही वापरता येतो. निवेदिकेच्या त्या एका शब्दात हे दोन्ही अर्थ असत. त्या ‘आपण’मध्ये कोण बसते आणि कोण बसत नाही, हे मात्र प्रक्षेपकाच्या उंचीवर ठरे.

माई त्यात बसत नव्हत्या. त्या दादरच्या. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले तेव्हा त्या महाविद्यालयात होत्या. शेजारच्या मजल्यावर ज्यांच्याकडे संच होता त्यांच्या दारात चपलांचा ढीग पडत असे आणि त्या ढिगात माईंच्या आणि त्यांच्या धाकट्या बहिणीच्या चपला असत. ‘गजरा’ त्यांनी तेथे पाहिला, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ पाहिले. 1976 मध्ये लग्न होऊन त्या भिलाईला आल्या. नाना पोलाद कारखान्यात अभियंता, राहायला सेक्टरातील क्वार्टर. घरात रेडिओ होता.

मराठी माणूस छत्तीसगढात काही कारखान्यामुळे पहिल्यांदा आलेला नव्हता. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचे सैन्य इकडे आले आणि बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास राहून राज्य केले. पुढे इंग्रजी अमलात हा सारा मुलूख मध्य प्रांतात होता, 1956 पर्यंत त्याची राजधानी नागपूर होती, आणि वकील, मास्तर, कारकून ही मंडळी त्या वाटेने येत राहिली. त्यांच्या भाषेचे काय झाले हे पाहायचे तर दोन नावे पुरेशी आहेत. माधवराव सप्रे यांनी 1900 साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढले ते हिंदीत, आणि पुढे ‘दासबोध’ व ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. गजानन माधव मुक्तिबोध यांच्या घरची भाषा मराठी. राजनांदगावच्या महाविद्यालयात ते 1958 पासून अध्यापन करीत होते आणि आधुनिक हिंदी कवितेचे एक शिखर तेथे, भिलाईपासून थोड्याच अंतरावर, उभे राहत होते. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहीत राहिले आणि 1979 मध्ये समीक्षाग्रंथासाठी त्यांना साहित्य अकादेमीचे पारितोषिक मिळाले. एकाच घरातील दोन भाऊ दोन भाषांच्या इतिहासांत जाऊन बसले. मराठी समीक्षेने या घटनेचा जितका विचार करायला हवा होता तितका केलेला नाही. प्रतिभावंताला भाषा बदलता येते, निदान ती निवडता तरी येते. सेक्टरातील क्वार्टरमध्ये भाजी चिरणाऱ्या बाईला असा पर्याय कुणी देत नाही. तिची भाषा तिच्याजवळ असते, पण बोलायला समोर माणूस नसतो.

धाकट्या बहिणीची आंतर्देशीय पत्रे येत. बहीण ‘साप्ताहिकी’ टिपून घेत असे आणि पत्राच्या शेवटी, दुमडपट्टीवर, जागा उरेल तितक्या बारीक अक्षरात ती यादी उतरवून पाठवीत असे. यात व्यावहारिक अर्थ काहीच नव्हता. भिलाईत मुंबई केंद्र दिसण्याची शक्यता नव्हती, आणि पत्र पोचेपर्यंत तो आठवडा बहुधा उलटून गेलेला असे. ‘येत्या गुरुवारी नाटक आहे’ हे वाक्य माई शनिवारी वाचत. तरी त्या ते वाचत, आणि नंतर लिहूनही ठेवत. 1982 मध्ये आशियाई खेळांच्या तोंडावर अनेक घरांप्रमाणे या घरातही संच आला आणि माईंनी पहिली रोजनिशी घेतली. वही उघडली की डाव्या पानावर मुंबई असे, म्हणजे बहिणीच्या पत्रातून उतरविलेली, कधीही पाहायला न मिळणारी यादी. उजव्या पानावर येथील, दिसणारी. पुढची कित्येक वर्षे वहीची ही मांडणी बदललेली नाही.

उजव्या पानावर जे होते त्यालाही एक पूर्वेतिहास आहे, आणि तो माईंना बहुधा माहीत नसावा. भारतात दूरचित्रवाणी सामान्यतः महानगरातून खेड्याकडे गेली. छत्तीसगढात ती उलट्या वाटेने आली. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या एका वर्षात अमेरिकेच्या एटीएस-6 या उपग्रहाच्या साहाय्याने ‘साइट’ हा प्रयोग झाला. सहा राज्यांतील सुमारे 2400 खेडी त्यासाठी निवडली होती. त्यांत मध्य प्रदेशाचा गट रायपूरच्या परिसराचा होता. विक्रम साराभाईंनी या प्रयोगाचे स्वप्न पाहिले आणि ते साकार होण्यापूर्वी, 1971 मध्येच, ते गेले. ज्या गावांत वीज धड पोचलेली नव्हती तेथे पंचायतीच्या किंवा शाळेच्या इमारतीवर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीची मोठी तबकडी बसली आणि संध्याकाळी सारे गाव ओट्यासमोर मातीत बसून अंतराळातून आलेले चित्र पाहू लागले. सकाळी मुलांसाठी, संध्याकाळी मोठ्यांसाठी. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन, थोडे गाणेबजावणे. भिलाईच्या सुशिक्षित वसाहतीत तेव्हा दूरचित्रवाणी नव्हती, आणि आसपासच्या खेड्यांत होती. वर्ष संपले, उपग्रह परत गेला, आणि प्रयोग अगदीच विरून जाऊ नये म्हणून ज्या थोड्या ठिकाणी 1977 मध्ये जमिनीवरचे प्रक्षेपक उभारले गेले त्यांत रायपूर होते. म्हणजे हे केंद्र मुळात माईंसाठी नव्हतेच. ते खेड्यांतील लोकांसाठी उभारलेले होते आणि सेक्टरांतील लोक तेथे आगंतुकासारखे येऊन बसले होते. गंमत अशी की ज्यांच्यासाठी ते होते त्यांचीही भाषा त्यात सुरुवातीला नव्हती. बिहार, मध्य प्रदेश आणि राजस्थान या तिन्ही राज्यांतील गावांना एकच हिंदी पुरेल असे गृहीत धरलेले होते. छत्तीसगढी बोलणारा शेतकरी आपल्याच ओट्यावर बसून परक्याचे बोलणे ऐकत होता.

भाषा न सापडणे हा एवढ्या मोठ्या प्रमाणावरचा अनुभव असतो. परंतु ज्याच्या वाट्याला तो येतो त्याला तो आपल्या एकट्याचा वाटतो. माईंनाही तसाच वाटला. उजव्या पानावरील 1982 ते 1994 या वर्षांच्या नोंदी पाहिल्या तर त्या वाचणाऱ्याची नजर कोठे फिरत होती ते कळते. 15 ऑगस्ट 1982 पासून दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला होता. ‘हम लोग’ आहे, ‘चित्रहार’ आहे, रविवारच्या सकाळी ‘रामायण’ आणि नंतर ‘महाभारत’ आहे. ही सारी नोंद साध्या अक्षरात. ठळक, दोनदा गिरविलेले अक्षर येते ते केवळ काही रविवारांच्या दुपारी, ‘मराठी’ या शब्दावर.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतील चित्रपट देशभर दाखविले जात. भाषांची पाळी असे. भिलाई हे देशाच्या सर्व प्रांतांतून आलेल्या माणसांचे गाव असल्यामुळे तेथे प्रत्येक भाषेचा स्वतःचा असा एक रविवार असे. बंगाली रविवारी बंगाल्यांच्या घरी गर्दी, मल्याळी रविवारी मल्याळ्यांच्या. मराठी रविवार यायला कितीतरी महिने लागत. तो येत आहे हे माईंना आधी आठवडाभर कळलेले असे, आणि तो आठवडा हाच खरा सण होता. चिवडा सोमवारी होई. मंगळवारी सेक्टर-सेक्टरांतील मराठी घरांना निरोप जात. प्रत्यक्ष चित्रपटाविषयी नानांना आज फारसे काही आठवत नाही. चार कुटुंबे दाटीने बसलेली होती आणि ऐन प्रसंगी पडद्यावर ‘रुकावट के लिए खेद है’ ही पाटी आली होती, एवढे त्यांना आठवते. आणखी एक गोष्ट आठवते, ती त्यांनी तेव्हा पाहिली होती पण तिचा अर्थ लावला नव्हता. त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा चित्रपट पाहताना हसत होता, पण मोठी माणसे हसल्यानंतर किंचित उशिराने. तो संवाद ऐकत नव्हता. पडद्याच्या तळाशी येणारी इंग्रजी अक्षरे वाचत होता. आईच्या भाषेतील चित्रपट तो भाषांतरातून पाहत होता. माईंच्या ते लक्षात आले असले पाहिजे, कारण त्या आठवड्यानंतरच्या पानावर कार्यक्रमांच्या खाली, शाई बदलून, ‘रोज एक धडा वाचून घेणे’ असे लिहिलेले आहे. त्या वह्यांतील आजवर सापडलेले हे एकच वाक्य असे आहे की जे कार्यक्रमांविषयी नाही. धडा किती दिवस वाचून घेतला गेला हे सांगणे कठीण आहे. मुलगा आता पुण्यात असतो आणि चांगले मराठी बोलतो, परंतु ते पुण्यात गेल्यावर आलेले मराठी आहे.

डाव्या पानावरची मुंबई अखंड चालू होती. भिलाईत बसून माईंनी मुंबई केंद्राचा जवळजवळ संपूर्ण इतिहास लिहून काढला असे म्हटले तरी चालेल, आणि त्यातील काहीही पाहिले नाही. ‘चिमणराव’ त्यांनी असे वाचून अनुभवले. बहीण प्रसंग लिहून कळवी. कोण कसे दिसते, कसे बोलते, ते माई मनाने रचत. मुंबईत मराठी बातम्या वाचणारी एक तरुण निवेदिका पुढे चित्रपटात गेली, हेही माईंना पाहून ठाऊक होते. तिचे नाव स्मिता पाटील. सत्यजित राय यांनी प्रेमचंदांच्या कथेवरून दूरदर्शनसाठी ‘सद्गति’ केला, 1981 मध्ये, तो रायपूरजवळच्या खेड्यांत. स्मिता पाटील त्यात झुरिया झाली. चांभाराची बायको, छत्तीसगढच्या मातीच्या घरात, पावसात, नवऱ्याच्या प्रेताशी. तो चित्रपट पाहताना माई फार रडल्या असे नाना सांगतात. दादरला पाहिलेला चेहरा येथे, हाकेच्या अंतरावर, दुसऱ्या कुणाचे तरी दुःख बोलत होता. डाव्या आणि उजव्या पानांची अशी गाठ पडण्याचे प्रसंग त्या काळात अगदी थोडे.

असा आणखी एक प्रसंग 1988 नंतरचा. श्याम बेनेगल यांच्या ‘भारत एक खोज’मध्ये महाभारताचा भाग तीजनबाईंच्या पंडवानीने सांगितला गेला. हातात तंबोरा, तोच क्षणात गदा, क्षणात रथाचा कणा, क्षणात द्रौपदीचे केस. बसून नव्हे तर उभे राहून, एरवी पुरुषांनीच जी गायची त्या कापालिक शैलीत. तीजनबाई दुर्ग जिल्ह्यातील गनियारीच्या आणि भिलाईच्याच पोलाद कारखान्यात नोकरीला. म्हणजे त्या एका अर्थाने नानांच्या सहकारी होत्या. नानांना हे माहीत होते, त्यांचा कार्यक्रम कारखान्यात झाला होता, आणि नाना त्या कार्यक्रमाला गेले नव्हते. का, याला काही कारण नाही. ते छत्तीसगढीत होते म्हणून. तो भाग दिल्लीहून प्रक्षेपित झाला तेव्हा मात्र सारे घर पाहत बसले. जवळचे मोठे माणूसही दिल्लीहून फिरून आल्यावाचून मध्यमवर्गाला दिसत नाही. यात भिलाईतील मराठी लोक इतरांहून वेगळे होते असे मुळीच नाही. मराठी रसिकतेला हा रोग जुनाच आहे. पुढे 2019 मध्ये तीजनबाईंना पद्मविभूषण मिळाले तेव्हा माई नव्हत्या.

सेवानिवृत्तीच्या सुमारास नानांनी नेहरू नगरात घर बांधले. जी. ई. रोडच्या लगतची ही वसाहत, कारखान्याच्या सेक्टरांच्या बाहेरची. कारखान्यातून निवृत्त होऊन ज्यांना गावी परतायचे नव्हते, किंवा गावी परतण्यासारखे काही उरले नव्हते, अशांपैकी अनेकांची घरे येथे आहेत. वह्या दोन पिशव्यांतून रिक्षाने आल्या. दरम्यान जग पालटले होते. 15 ऑगस्ट 1994 रोजी दूरदर्शनची मराठी उपग्रह वाहिनी सुरू झाली, 2000 च्या एप्रिलमध्ये तिला ‘सह्याद्री’ हे नाव मिळाले. माईंनी केबलवाल्याकडे ती वाहिनी वारंवार मागितली. येथे कोण पाहणार, असे तो म्हणे, आणि त्याच्या हिशेबात ते खरेही होते. अखेर 2004 च्या डिसेंबरात दूरदर्शनची थेट घरी येणारी मोफत उपग्रहसेवा सुरू झाल्यावर नानांनी गच्चीवर तबकडी बसवून घेतली आणि ‘सह्याद्री’ घरात आली. अठ्ठावीस वर्षांनी माई त्या ‘आपण’मध्ये येऊन बसल्या.

येथपर्यंत वह्या वाचताना नानांना काहीसे समाधान वाटले. आपण पत्नीला हवे ते आणून दिले, उशिरा का होईना दिले, असे ते समाधान होते. पुढच्या वहीने ते काढून घेतले. 2005 च्या वहीतील पहिले काही महिने ‘सह्याद्री’ची यादी डाव्या पानावर आहे, उत्साहाने भरलेली, दिवसवार. मग ती तुटक होते. पावसाळ्यापर्यंत थांबते. जे पाहता येत नव्हते ते माईंनी अठ्ठावीस वर्षे जपून ठेवले, आणि पाहता येऊ लागल्यावर काही महिन्यांत त्याची नोंद ठेवणे सोडून दिले. बहिणीचे पत्र येण्याचे तर त्याआधीच थांबले होते. फोन स्वस्त झाले होते आणि फोनवर कुणी यादी सांगत नाही. मिळाल्याने गोडी जाते, असे याचे स्पष्टीकरण कुणी देईल. पण ते फार सोपे आहे. ‘सह्याद्री’ माई पाहत होत्याच. पण ज्या बोलीत त्यांना बोलायचे होते ती पडद्यावरची नव्हती. ती त्या शेजारच्या मजल्यावरील, चपलांच्या ढिगापलीकडील, बहिणीच्या कानात कुजबुजायची बोली होती, आणि ती कोणत्याही उपग्रहावर नव्हती.

डावे पान मग काही आठवडे कोरे आहे. कोऱ्या पानांनंतर त्यावर पुन्हा अक्षर उमटू लागते, आणि ते काय आहे हे नानांना बराच वेळ कळले नाही. यादी नव्हे. शब्द होते, एकाखाली एक.

लइका – मूल. संगवारी – सोबती. गोठ – बोलणे, गोष्ट. बेरा – वेळ. सुरता – आठवण. मया – माया. अगोरना – वाट पाहणे.

उजव्या पानावर त्या-त्या आठवड्यांत बुधवारच्या एका नोंदीपुढे बरोबरची छोटी खूण आहे. तेथे रायपूर केंद्राचा छत्तीसगढी कार्यक्रम लिहिलेला आहे. कधी लोकगीते, कधी शेतीची माहिती, कधी कुणा गावातील मडईचे चित्रण. ही खूण मागे मागे पाहत गेल्यावर ती ‘सह्याद्री’च्या आधीपासूनची निघाली. 1998 च्या सुमाराची. त्या वर्षी घरी कामाला एक बाई येऊ लागल्या होत्या. सुपेल्यात राहणाऱ्या, दुर्ग जिल्ह्यातील एका खेड्यातून आलेल्या. बुधवारी नाना संध्याकाळी मित्रांकडे पत्ते खेळायला जात. घरात त्या वेळी काय होते याची त्यांनी कधी चौकशी केली नव्हती.

ते त्या बाईंनीच पुढे थोडे थोडे सांगितले. पहिल्यांदा त्या फरशी पुसता पुसता उभ्या राहिल्या होत्या, कारण पडद्यावर त्यांच्या गावाकडचे गाणे लागले होते. माईंनी बसायला सांगितले. त्या दाराशी जमिनीवर बसल्या. पुढच्या वर्षी केव्हातरी पाट आला. खुर्चीवर बसायला त्यांना कितीतरी वर्षे लागली, आणि माईंनाही खुर्ची पुढे करायला तितकीच वर्षे लागली. हे दोन्ही त्या बाईंनी सारख्याच शांतपणे सांगितले. त्या माईंना ‘दाई’ म्हणत. छत्तीसगढीत दाई म्हणजे आई. मराठीत मूल जन्माला आणणारी किंवा सांभाळणारी. पहिल्यांदा ऐकून माई थोड्या दचकल्या होत्या, मग हसल्या होत्या, आणि हाच बहुधा त्या कोशातील पहिला शब्द असावा, कारण त्याच्या भोवती एक चौकट आखलेली आहे.

येताच त्या विचारीत, ‘दाई, आज का आही?’ माई वही उघडून सांगत.

हा ‘आही’ माईंच्या कानाला प्रथम मराठी ‘आहे’सारखा लागला असणार. आज काय आहे, असेच त्या समजल्या असतील. परंतु छत्तीसगढीत ‘आही’ हे येणे या क्रियेचे भविष्यकाळी रूप आहे: येईल. जाही म्हणजे जाईल, होही म्हणजे होईल, तसे आही. ‘आहे’शी त्याचे व्युत्पत्तीने नाते नाही, दोन भाषांच्या ध्वनींची ही केवळ योगायोगाने पडलेली गाठ. माईंच्या वहीत तो शब्द आहे, आणि त्याच्यासमोर त्यांनी आधी ‘आहे’ लिहून खोडलेले आहे, आणि खोडलेल्यावर ‘येईल’ लिहिलेले आहे. खोडणे हलके आहे. खालचे अक्षर वाचता येते.

2017 च्या वहीत शब्द बरेच कमी आणि वाक्ये अधिक आहेत. शेवटच्या पानांवरील अक्षर थरथरते. कार्यक्रमांची यादी बहुतेक ठिकाणी अपुरी आहे, कारण घरी येणाऱ्या वृत्तपत्रांतून ती गळत गेली होती आणि माई जे मिळेल ते लिहीत होत्या. बुधवार मात्र लिहिलेला आहे. त्यानंतर दीड वर्षाने, मार्च 2019 मध्ये, छत्तीसगढची स्वतंत्र वाहिनी दूरदर्शनच्या मोफत उपग्रहसेवेत आली. माई असत्या तर त्यांना उजवे पान अपुरे पडले असते.

वह्या वाचून झाल्यावर नानांनी त्या पुन्हा खालच्या कप्प्यात ठेवल्या, शेवटची तेवढी बाहेर ठेवली. बुधवारचे पत्ते त्यांनी मुद्दाम बंद केले नाहीत; मित्रांपैकी दोघे मुलांकडे निघून गेले होते आणि डाव आपोआपच मोडला. अशाच एका बुधवारी संध्याकाळी बाई काम आटोपून हात पुसत बाहेरच्या खोलीत आल्या आणि संच बंद पाहून दारातच थांबल्या.

‘बाबूजी,’ त्यांनी विचारले, ‘आज का आही?’

नानांना प्रश्न कळला. उत्तर त्यांच्याजवळ नव्हते. त्यांनी सवयीने समोरच्या टेबलावरील वर्तमानपत्र उचलले, चाळले, खाली ठेवले. मग संच लावला. पडद्यावर कुठल्या तरी जाहिराती चालल्या होत्या आणि त्या संपून काय लागणार याचा काही अंदाज येत नव्हता. बाईंनी भिंतीजवळची खुर्ची ओढून घेतली. नानांनी चष्मा पुसला, शेवटची वही मांडीवर घेतली आणि कोरे पान उघडून पेनाचे टोपण काढले.